आमचा पहिला लांबचा विमानप्रवास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या चोवीस विद्यार्थ्यांस मुंबईहून लंडनपर्यंत विमानानें जाण्याचा योग आला. या चोविसांपैकीं बाविसांनीं विमान तोंपर्यंत केवळ मान वर करून पाहिलें होतें. परत आल्यावर आमच्या वर्गबंधूंनीं, आणि त्यांहूनहि अधिक त्यांच्या आईवडिलांनीं, आम्हांस जे प्रश्न विचारिले, ते लंडनांतील राजवाड्यांविषयीं नव्हते. विमानांतील त्या दहा तासांविषयीं होते. कान दुखतात काय? झोंप येते काय? विमान हलूं लागलें तर काय करावें? एवढ्या अरुंद जागेंत इतका वेळ बसवतें तरी कसें? पुढील वर्षीं दुसरे विद्यार्थी जातील. त्यांच्या उपयोगीं पडावीं म्हणून या प्रश्नांचीं उत्तरें आम्ही येथें एकत्र देत आहों.

निघण्यापूर्वीं ज्यानें त्यानें आम्हांस धीर दिला, तो एकाच वाक्यानें : "कांहीं होत नाहीं!" वाक्य प्रेमाचें होतें, परंतु खरें नव्हतें. विमानांत पुष्कळ कांहीं होतें. मात्र जें होतें त्यास कारण असतें, आणि तें कारण ठाऊक असलें म्हणजे मन शांत राहतें. ठाऊक नसलें म्हणजे साधा आवाजहि छातींत धडकी भरवितो. आमच्यापैकीं एकास हें फार कष्टानें शिकावें लागलें. त्याची हकीकत ओघानें पुढें येईलच.

प्रथम हा प्रवास आमच्यासारख्यांस शक्य कसा झाला, तें सांगूं. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें विमान मुंबईहून लंडनास जाण्यास प्रथम निघालें. त्यांत अवघे ३५ उतारू होते, आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबे घेत तें लंडनास पोहोंचलें. त्या काळीं असा प्रवास फार थोड्यांच्या आवाक्यांतला होता. पुढें १९५२ सालीं अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट' वर्ग निघाला, आणि १९५८ सालीं 'इकॉनॉमी' हें नांव आलें. युक्ति अगदीं साधी होती : आसनें जवळ जवळ मांडावयाचीं, उतारू अधिक न्यावयाचे, आणि खर्च सर्वांत वांटून टाकावयाचा. आमच्या विमानांत एका ओळींत तीन, तीन व तीन अशीं नऊ आसनें होतीं, आणि पुढच्या आसनापासून मागच्या आसनापर्यंतचें अंतर सुमारें ३१ इंच होतें. आमच्या गुडघ्यांस जी अडचण झाली, तिच्यामुळेंच आमच्या पालकांस तें तिकीट काढतां आलें, हें ध्यानांत आल्यावर आम्हीं तिजविषयीं तक्रार करणें सोडून दिलें.

आतां सामानाविषयीं. विमानांत हातांत न्यावयाच्या पिशवींत १०० मिलिलिटरांहून मोठ्या बाटलींतील पातळ पदार्थ नेऊं देत नाहींत. पातळ स्फोटक द्रव्यें विमानांत नेण्याचा एक कट २००६ सालीं इंग्लंडांत उघडकीस आला, तेव्हांपासूनचा हा निर्बंध आहे. कांहीं विमानतळांनीं तो अलीकडे शिथिल केला असला, तरी त्यावर विसंबूं नये. आमच्यापैकीं दोघांच्या हातपिशवींत तेलानें भरलेल्या लोणच्याच्या बरण्या होत्या. त्या तपासणीच्या मेजावरच राहिल्या. त्याच बरण्या घट्ट बांधून मोठ्या सामानांत घातल्या असत्या, तर हा प्रसंग आला नसता. याच्या उलट मोबाइलची पॉवर बँक मात्र मोठ्या सामानांत घालावयाची नसते, हातांतच ठेवावयाची असते. तिच्यांतील लिथियमनें पेट घेतला, तर उतारूंच्या कक्षांत तो तत्काळ दिसतो व विझवितां येतो. खालच्या कोठारांत तसें होत नाहीं.

जाण्याच्या आठवडाभर आधीं आमच्या विज्ञानाच्या बाईंनीं एक तास खास या प्रवासासाठीं घेतला. विमान उडतांना कोणकोणते आवाज येतील, कानांस काय होईल, हें त्यांनीं क्रमानें सांगितलें. त्या दिवशीं आमचा एक सोबती पडशामुळें गैरहजर होता. पडसें प्रवासाच्या दिवशींहि गेलेलें नव्हतें. पण तें त्यानें कोणासच कळूं दिलें नाहीं.

पहाटे दोन वाजतां विमान हललें. धांवपट्टीवर त्यानें वेग घेतला, तेव्हां पाठ आसनास चिकटली. एवढें जड यंत्र ताशीं सुमारें २५० ते ३०० किलोमीटर वेगानें धांवूं लागलें, म्हणजे त्याचे तिरपे धरलेले पंख समोरून येणाऱ्या हवेस खालीं ढकलतात, आणि हवा पंखांस वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम आपण पुस्तकांत पाठ करतों. येथें तो आपणांस उचलून नेतो. जमीन सुटतांच पायांखालीं धडधड होऊन मोठा आवाज झाला. तीं चाकें पोटांत ओढून घेतलीं जात होतीं. थोड्या वेळानें इंजिनांचा आवाज एकाएकीं मंदावला, आणि विमान खालीं जात आहे असें सर्वांस वाटलें. वस्तुतः तें वरच चाललें होतें. केवळ चढण्याचा जोर कमी केला होता. अंधारांत डोळ्यांना क्षितिज दिसत नाहीं, आणि तोल ओळखणारें कानांतील इंद्रिय वेगांतील फरकानें फसतें, म्हणून असा भास होतो. बाईंच्या तासास बसलेले आम्ही एकमेकांकडे पाहून हंसलों. आमच्या त्या सोबत्यानें मात्र आसनाचे दोन्ही हात घट्ट धरले होते. त्यास आम्हीं काय सांगावें? आम्हींहि तेंच सांगितलें : "अरे, कांहीं होत नाहीं!"

विमान सुमारें अकरा किलोमीटर उंचीवर स्थिरावलें. तेथें बाहेरील हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या पावपटीहूनहि कमी असतो, आणि थंडी शून्याखालीं सुमारें ५६ अंश असते. अशा हवेंत मनुष्य शुद्धीवर राहूं शकत नाहीं. म्हणून आंतील कक्ष बंद करून त्यांत हवा दाबून भरतात. परंतु ती समुद्रकांठच्याइतकी दाबून भरीत नाहींत; तसें केल्यास विमानाच्या कवचावर फार ताण पडेल. विमानाच्या प्रकाराप्रमाणें आंतील दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवितात. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे ती सारी रात्र आम्ही कळसूबाईहूनहि उंच अशा एखाद्या शिखरावर बसून काढिली असें म्हणावयास हरकत नाहीं.

याचा पुरावा आमच्या पिशव्यांतच होता. घरून दिलेल्या चिवड्याचीं बंद पाकिटें टम्म फुगलीं होतीं. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें १६६२ सालीं जो नियम प्रसिद्ध केला, तोच हा : उष्णमान तेंच असतां दाब कमी झाला कीं कोंडलेल्या वायूचें आकारमान वाढतें. विमानांतील दाबास तें पावपटीनें, कधीं तृतीयांशानेंहि वाढतें. पाकिटांतील हवेचें जें होतें, तेंच पोटांतील हवेचें होतें. म्हणून प्रवासाच्या रात्रीं जड व तळकट जेवण करूं नये. शिवाय बाहेरून घेतलेल्या त्या अतिथंड हवेंत बाष्प जवळ जवळ नसतेंच. त्यामुळें आंतील हवा फार कोरडी असते. ओंठ सुकतात, घसा खरखरतो. तहान लागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी पीत राहणें, हाच त्यावर उपाय.

पायांविषयींहि सांगितलें पाहिजे. आपण चालतों तेव्हां पोटऱ्यांचे स्नायु आंवळून सैल होतात व रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसून राहिल्यास हें काम थांबतें, पाय सुजतात, आणि क्वचित् प्रसंगीं, विशेषतः वडील माणसांत, शिरेंत रक्ताची गांठ होण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही दर दोन तासांनीं उठून मधल्या वाटेनें फेरी घालीत होतों, व बसल्या जागीं घोटे फिरवीत होतों. उठतांना पुढील आसनास हिसका देऊं नये, आणि आपलें आसन मागें रेलण्यापूर्वीं मागच्या माणसाकडे एकवार पाहावें. त्या ३१ इंचांत दोघांचा संसार असतो.

साधारण मध्यावर विमान एकाएकीं हलूं लागलें. पट्टे बांधण्याचा दिवा लागला, पेल्यांतील पाणी हिंदकळलें, आणि कोणीतरी लहानशी किंकाळी फोडली. आकाशांत हवेचे निरनिराळ्या वेगांचे प्रवाह वाहत असतात. जेथें ते एकमेकांस घासतात, किंवा खालच्या पर्वतांमुळें उसळतात, तेथें हवा खळबळते, आणि तींतून जाणारें विमान खडीच्या रस्त्यावरील गाडीप्रमाणें हादरतें. पंखांचीं टोकें वरखालीं वांकतांना दिसतात, तीं वांकावींत म्हणूनच तसे पंख केलेले असतात. आणि सेवेंत जास्तीत जास्त जो भार येण्याचा संभव, त्याच्या दीडपट भार ते सोसतात हें सिद्ध करून दाखविल्यावांचून त्या जातीच्या विमानास परवानगीच मिळत नाहीं. अशा वेळीं इजा होते, ती बहुधा पट्टा न बांधलेला मनुष्य आसनावरून उसळून आपटल्यामुळें. म्हणून दिवा विझलेला असला तरीहि बसल्या वेळीं पट्टा बांधलेलाच ठेवावा.

हादरे दहा मिनिटांत थांबले. पण आमच्या सोबत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें. बाई उठून त्याच्यापाशीं आल्या. तेव्हां तो म्हणाला, "बाई, माझा उजवा कान निघाल्यापासून बंद आहे. मला आतां कायमचें ऐकूं येणार नाहीं काय? मला चार दिवस पडसें आहे. सांगितलें असतें, तर तुम्ही मला मागें ठेविलें असतें. बाबांनीं पतपेढीचें कर्ज काढून पैसे भरले आहेत."

बाई क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अरे, सांगितलें असतेंस तर आपण डॉक्टरांस विचारिलें असतें. जावें कीं न जावें तें त्यांनीं ठरविलें असतें, आणि जावयाचें ठरतें तर औषध बरोबर घेतां आलें असतें. आतां दुखेल, तें उतरतांना दुखेल. पण कां दुखेल तें मी तुला सांगतें, आणि तेव्हां आपण काय करावयाचें तेंहि सांगतें."

कानाच्या पडद्यामागें हवेची एक लहानशी पोकळी आहे, व तिच्यापासून घशाच्या मागील भागापर्यंत एक बारीक नळी गेलेली आहे. विमान चढतांना बाहेरचा दाब कमी होतो, व पोकळींतील जास्तीची हवा त्या नळीवाटें सहज बाहेर पडते. उतरतांना उलट होतें. बाहेरचा दाब वाढतो, आणि हवा आंत जावी लागते. पण नळीचें तोंड आपण गिळतों किंवा जांभई देतों तेव्हांच उघडतें. पडशानें तें सुजलेलें असेल तर उघडणें कठीण; मग पडदा आंत ओढला जातो व ठणका लागतो. म्हणून उतरण्याच्या वेळीं झोंपूं नये, कारण झोंपेंत आपण फार कमी गिळतों. गोळी चघळावी, घोट घोट पाणी प्यावें, जांभया द्याव्या. नाक चिमटींत धरून हलकेच फुंकणें हा उपाय निरोग्यास ठीक. पडसें असतां जोरानें तसें करूं नये. ज्यास पडसें आहे त्यानें प्रवासापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतकें ऐकल्यावर त्यानें डोळे पुसले. दुखणें टळणार नव्हतें. पण तें आतां अनोळखी राहिलें नव्हतें.

आमच्या भूगोलाच्या गुरुजींनीं यानंतर आम्हांस समोरच्या पडद्यावरील नकाशा पाहावयास सांगितलें. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत ताणून दोरा धरिला, तर तो सुमारें ७,२०० किलोमीटरांचा होतो व इराण, कास्पियन समुद्राचें दक्षिण टोंक, काळा समुद्र व युक्रेन यांवरून जर्मनीकडे जातो. परंतु विमानास नेहमीं दोऱ्याप्रमाणें जातां येत नाहीं. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें झालेल्या करारानें प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य झाली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्ध पेटतांच युक्रेननें आपलें आकाश उतारूंच्या विमानांस बंद केलें. आमचें विमानहि दोऱ्याची वाट सोडून वळसा घेऊन गेलें. खालीं माणसें लढतात, तेव्हां वर आकाशांतहि कुंपणें पडतात, हें आम्हांस तेथें प्रथम कळलें.

आणखी एक नवल म्हणजे ती रात्र सरेना. आदल्या संध्याकाळीं मुंबईस सहाच्या सुमारास सूर्य मावळला होता. आमच्या घड्याळांत दुपारचे बारा वाजले तेव्हां आम्ही लंडनास उतरलों, आणि तेथें सकाळचे साडेसहा होऊन अंधारच होता! सूर्योदय झाला तो आणखी अर्ध्या तासानें. अर्थात् आमची ती रात्र सुमारें साडेअठरा तासांची झाली. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारें ७३ अंश आहे. म्हणून सूर्याच्या हिशेबानें मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें येते. हीच वेळ पूर्वीं 'बाँबे टाइम' म्हणून चालत असे, आणि १९०६ सालीं देशाची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईनें ती १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंशांवरची आहे, म्हणून घड्याळांतील अंतर साडेपांच तासांचें. पश्चिमेस जाणारा आपल्या रात्रीस लांबवीत जातो, तें असें.

उतरतांना आमच्या सोबत्याचा कान फार दुखला. बाई त्याच्या शेजारीं बसून होत्या. आम्ही आळीपाळीनें त्यास पाण्याचा पेला व गोळ्या देत होतों. विमान जमिनीस टेकतांच इंजिनें पुन्हां गर्जलीं व पंखांवरील पत्रे उभे राहिले, तोच आम्हांस म्हणाला, "भिऊं नका, वेग कमी करण्यासाठीं तें करतात." आसनाच्या खिशांतील माहितीपत्रक त्यानें तेवढ्या वेळांत वाचून काढिलें होतें. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं कान पाहिला. पडदा लाल झाला होता, फाटलेला नव्हता. चार दिवसांत त्यास पूर्ववत् ऐकूं येऊं लागलें.

लंडनांतील पहिले दिवस आम्हां सर्वांस पहाटे तीनला जाग येई व संध्याकाळीं सहालाच पेंग येई. कारण आमच्या शरीरांतील घड्याळ मुंबईचेंच होतें. हें घड्याळ खरोखरच असतें, व तें पेशींत कसें चालतें याच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांस २०१७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यास जुळवून घेणारा मुख्य किल्लीवाला म्हणजे दिवसाचा उजेड. म्हणून पोहोंचल्या दिवशीं दुपारीं न झोंपतां बाहेर हिंडावें. बहुतेकांचें शरीर दिवस लांबलेला सोसतें, आंखडलेला तितका सोसत नाहीं. यामुळें पूर्वेकडे परततांना त्रास थोडा अधिक होतो. याउलट विमानास परतणेंच सोपें. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांच्या पाठबळानें आम्ही जवळ जवळ एक तास लवकर मुंबईस आलों.

ग्रीनिचच्या वेधशाळेंत, १८८४ सालीं जी मूळ रेखा म्हणून मान्य झाली, तिच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून आम्हीं छायाचित्र काढविलें. त्यांत आमचा सोबतीहि हंसत उभा आहे. हा लेख आम्हीं प्रथम त्यासच दाखविला. "नांव नको, पण गोष्ट असूं द्या," असें तो म्हणाला.

पालकांस आमची एकच विनंति आहे. आपलें मूल पहिल्यानें विमानांत बसणार असेल, तर "कांहीं होत नाहीं" असें त्यास सांगूं नये. कान बंद होतील, आवाज येतील, विमान हलेल, झोंप नीट येणार नाहीं; तेव्हां असें असें कर, आणि दुखलेंखुपलें तर तत्काळ शिक्षकांस सांग, पैशाचा विचार तूं करूं नकोस, असें सांगावें. विद्यार्थिमित्रांसहि हेंच सांगणें, कीं जें होत असेल तें लपवूं नका. आम्हीं आमच्या सोबत्याजवळ दहा तास बसून त्यास एकदांहि विचारिलें नाहीं, कीं तुला नक्की काय होत आहे. पुढील वर्षीं जे जातील, त्यांनीं शेजाऱ्यास तेवढें अवश्य विचारावें.